काळी फळं

क्लेमंटच्या मालकीचं ओकच्या झाडांचं छोटंसं रान होतं. गावाला फिरता यावं म्हणून त्यानं त्याचं फाटक कधीच बंद केलं नव्हतं. लोक कुत्री घेऊन यायचे, कुत्र्याची घाण काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारायचे आणि ती पिशवी फांदीला अडकवून खुशाल निघून जायचे. रोज सकाळी नाक दाबून क्लेमंटच त्या काढायचा. पण रानातली निळी फुलं बघायला आलेल्या शाळेतल्या एका चिमुरडीनं "आजोबा, ही कसली फळं?" म्हणत हात पुढे केला, तेव्हा त्यानं घाईनं तिचा हात मागे ओढला आणि तडक घर गाठलं.

"कुलूप ठोक त्या फाटकाला!" बायको म्हणाली.

"थांब. आठवडाभर मी हातच लावत नाही. आपली घाण लटकलेली बघून लाजतील."

रविवारी त्या लटकलेल्या पिशव्यांखाली शेजारच्या पेंब्रीबाई कुत्र्याला घेऊन उभ्या दिसल्या. किळसेनं त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. क्लेमंटला हायसं वाटलं.



"शी, क्लेमंट!" हातातली पिशवी फांदीला नीट अडकवत त्या म्हणाल्या, "आठवडाभर साफ केलं नाहीस ना? अरे, लहान मुलं येतात इथं, जरा तरी लाज बाळग!"