ओवळं

मध्यंतराचा हार गळ्यात पडला आणि कीर्तनाला उभ्या दिगंबरबुवांचं धोतर ओलं झालं. मेंदूच्या दुर्मीळ आजारानं आधी तोल नेला होता, आता लघवीवरचा ताबाही नेला.

रिवाजाप्रमाणे माणसं पाया पडायला उठली, तसे बुवा मागं सरले. "आज लांबूनच नमस्कार करा हो."

तबल्यावरचे थोरले भाऊ पुढं झाले. त्या ओल्या पावलांवर त्यांनी डोकं टेकलं.

"दादा, मी ओवळा झालोय."

"नारदाच्या गादीवर कसलं ओवळं रे? उत्तररंगाचं आख्यान घे." दादांनी आपलं उपरणं बुवांच्या कमरेला गुंडाळलं.

बुवांनी सभामंडप डोळे भरून पाहिला. "नको, आरतीच म्हणू. यापुढं मला कीर्तनाला उभं करू नकोस."

चाळीस वर्षांत प्रथमच आख्यानाविना आरती सुरू झाली आणि दादांचा ठेका चुकला.