रंगानं चिकटलेल्या खिडक्या

साथीमुळं वर्षभर बंद असलेल्या शाळेच्या जिममध्ये सभा भरली होती; पालक खुर्च्या आपटत होते: "सोमवारीच शाळा उघडा!" शिपाई हॉलिस उठला. साथीत त्याची बायको जाऊन दोनच महिने झाले होते. "वर्गांच्या खिडक्या रंगानं चिकटल्यात. एकही उघडत नाही. पोरांना गुदमरायला बोलावताय का?" "घरबसल्या पगार मिळतोय तुम्हाला, म्हणून सुचतंय हे!" कोंबड्यांच्या कत्तलखान्यात राबणारी मारिसेल त्याच्यावर उसळली. "आमच्या कारखान्याला खिडक्याच नाहीत. तरी रोज जाते. माझी सात वर्षांची पोर वर्षभर घरात एकटी कोंडलीय. ती वाचायचंसुद्धा विसरली!" टाळ्या कडाडल्या. हॉलिस संतापून खाली बसला. सोमवार ठरला. रविवारी सकाळी तो पटाशी घेऊन पहिल्या वर्गात शिरला. तिसरी खिडकी खरवडत असताना मारिसेल हातोडा घेऊन दारात आली. त्यानं पाठ फिरवली. "माझ्याशी बोलूच नका," ती म्हणाली, "कुठली खिडकी उघडू?"