एनोकचं नाव

"नाव दे ना आई. रडून रडून जीव जाईल तिचा," नुकाका म्हणाली.

बोलात्ताने नातीकडे पाहिलंसुद्धा नाही. जन्मल्यापासून पोर रडत होती. बर्फाळ उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या इलुलिसात गावात कुणीही सांगितलं असतं, ती नाव मागतेय. नाव मेलेल्या माणसाचं द्यायचं असतं. मग तो माणूस बाळाच्या रूपाने घरी येतो, आणि बाळालाच आजोबा नाहीतर काकू म्हणून हाक मारतात. जिवंत माणसाचं नाव कुणी देत नाही.

"तुझा बाप मेलेला नाही," बोलात्ता म्हणाली. "नवरा माझा आहे. तो मेला की मी सांगेन."

एनोक कुत्र्यांनी ओढायची स्लेज घेऊन गोठलेल्या खाडीवर हॅलिबट मासे धरायला गेला होता. त्याच्या तरुणपणी हिमनदीचं तोंड जागचं हलत नसे. आता ती झपाट्याने मागे हटत होती आणि डोंगराएवढे कडे पाण्यात टाकत होती. त्या दिवशी असाच एक कडा कोसळला, लाट उसळली आणि खाडीवरचा बर्फ फुटला. कुत्री तेवढी परतली, तुटलेल्या दोऱ्या ओढत. हेलिकॉप्टरवाल्यांनीही शोध सोडून दिला.

"आई, तो बर्फ आता माणसाचं वजन पेलत नाही," जावई पीतर म्हणाला. "कुणी जाणार नाही तिकडे."

"तू तर नाहीच. तुला अंगणात जायलाही सोबत लागते."

बोलात्ताचा संताप हिमनदीवर नव्हता, माणसांवर होता. देह हाती लागला नव्हता, तरी सगळ्यांनी एनोकला पुरून टाकलं होतं. रात्रंदिवस तिला एकच दिसायचं: तो कुठेतरी बर्फाच्या तुकड्यावर बसलाय आणि कुणीच येत नाही.

रविवारी ती आपणहून लेकीकडे आली. सील सोलायची सुरी तिने टेबलावर ठेवली.

"धार लावलीय. बोटं सांभाळ."

"आणि एवढ्याशा वाटेला स्लेज?" पीतरने खिडकीतून पाहत विचारलं.

"गुडघे दुखतात. राहिलेल्या कुत्र्यांना खायला घातलंय. उद्यापासून तू बघ."

नुकाकाने भीतभीत विचारलं, "नाव द्यायला आलीस?"

"आण तिला इकडे."

घरातला ताण एकदम सैलावला. म्हातारीने शेवटी मान्य केलं होतं. पीतरने कॉफी चढवली. बोलात्ताने नातीच्या कानाशी ओठ नेले आणि हळूच एकदा नाव उच्चारलं. पोर रडायची थांबली.

नुकाकाचा बांध फुटला. बाळाला छातीशी धरून ती म्हणाली, "बाबा... आलास तू."

बोलात्ता दारात बूट चढवत होती.

"बाबा नव्हे गं," ती म्हणाली. "तो बर्फावर वाट बघतोय. हिचं नाव बोलात्ता."