विहिरीत उतरणारी

विहिरीच्या तळाला उरलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायला वस्तीवरच्या बाया सत्यभामेला दोराला बांधून खाली सोडत. अंगानं तीच सगळ्यात हलकी. एकदा दोर तुटला आणि तिचा गुडघा मोडला.

आज मुखेडच्या दवाखान्यात व्यायाम घेताना डॉक्टरबाईंच्या हातात तो गुडघा सहज वाकला. सत्यभामेनं घाईघाईनं पाय ताठ केला.

"मॅडम, वाकत न्हाई म्हणून सांगा. न्हाईतर मला परत इहिरीत सोडतेत."

डॉक्टरबाईंनी बाहेर बसलेल्या सासूला आत बोलावलं. "गुडघा अजून वाकत नाही, मावशी."

"काय करावं मग," सासू म्हणाली. "पाणी तर लागतंयच की. उद्यापासून हिच्या पोरीला सोडू. ती बी हलकीच हाय."

सत्यभामेनं पाय जवळ ओढला आणि गुडघा छातीला टेकवून दाखवला.