परसातली कारवी

साळुबाईच्या परसात फुकट खाणाऱ्याला जागा नव्हती. शेवग्यानं शेंगा द्यायच्या, अळूनं पानं द्यायची, नाहीतर कुऱ्हाड. सुनेनं, प्रतिभानं, भीमाशंकरच्या डोंगरातल्या माहेराहून कारवीचं रोप आणून लावलं, तेव्हा पहिला सवाल तोच आला.

"हे काय देतंय?"

"फुलं, आत्या. सात वर्षांनी."

"सात वर्सांनी! आन् तवर पाणी आमच्या हिरीचं!"

नागपंचमीला अवसरीतल्या सुनांना माहेरी न्यायला त्यांचे भाऊ मुराळी म्हणून यायचे. प्रतिभाला भाऊ नव्हता, आणि मुराळ्याशिवाय पंचमीला सून धाडायची नाही हा साळुबाईचा कायदा. डोंगरात आई एकटी वाट बघायची. इथं प्रतिभा दर पंचमीआधी गुपचूप गठुडं बांधायची, आणि दुसऱ्यांचे भाऊ येऊन गेले की सोडून ठेवायची.

सातव्या साली अधिक महिन्यानं पंचमी लांबली आणि त्याच आठवड्यात कारवी जांभळी होऊन गेली. सगळं परस मधमाश्यांनी घुमायला लागलं. साळुबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"यवढ्या माश्या आपल्याकडं कवा बघितल्या न्हाईत. तुझ्या डोंगरातनंच आल्यात ह्या."

"इतक्या लांबनं कुठल्या येतात, आत्या?"

"मुराळी दारात आलाय आन् तू वाद घालतीस? जा, बांध गठुडं."

गठुडं बांधलेलंच होतं.