आमच्याकडचे मामा

एका वर्षासाठी जपानला आलो होतो आणि केमिस्ट्रीच्या लॅबमधला तो माझा पहिलाच दिवस होता. बेसिनपाशी रबरी हातमोजे घातलेले एक म्हातारे गृहस्थ काचेची भांडी घासत होते. तळाला काळं काहीतरी करपून बसलेला माझा फ्लास्क मी त्यांच्यापुढे धरला. दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, पुण्यात दोन वर्षं घोकलेल्या अतिनम्र जपानीत म्हणालो, "एवढा घासून द्याल का?"

त्यांनीही वाकून तो घेतला. मी स्वतःच्या उच्चारांवर इतका खूश होतो, की शेजारच्या मुलीचा पांढराफटक पडलेला चेहरा मला दिसलाच नाही.

"सेन्सेई, द्या इकडे, मी घासते!" ती धावत आली.

सेन्सेई म्हणजे आमचे प्राध्यापक. ज्यांचे शोधनिबंध वाचून मी इथे अर्ज केला होता, ते हेच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण जपानात असलं काही मागायचीही भीती वाटली.

ते मात्र रागावले नाहीत. लख्ख फ्लास्क माझ्या हातात देत त्यांनी कुतूहलाने विचारलं, "तुमच्या कॉलेजात कोण घासतं?"

"मामा," मी म्हणालो. लॅबच्या शिपायांना आम्ही मामा म्हणतो, तीन वर्षं माझी भांडी त्यांनीच घासली, हे सगळं अस्खलित जपानीत सांगितलं.

"त्यांचं नाव काय?"

प्रश्न पहिल्या धड्यातलाच होता. उत्तर मला मराठीतही येत नव्हतं.