रस्त्यावरचं सोयाबीन

शाळेसमोरच्या रस्त्यावर बन्सीधरनं सोयाबीन वाळत घातलं की गाड्या मंदावायच्या, लेकरं बिनघोर रस्ता ओलांडायची. आज वेगमर्यादा ठरवायला सरकारी साहेब वेग मोजायचं यंत्र घेऊन आले. “गाड्या एरवी किती पळतात, त्यावरच मर्यादा ठरते. हे वाळवण उचला.” “उचलतो, पर शाळा सुटायच्या आत आटपा.” सोयाबीन पोत्यांत भरलं, रस्ता मोकळा झाला, गाड्या सुसाट सुटल्या. “ऐंशी!” साहेब खुलले. “आणखी थोड्या मोजू.” मोजता मोजता शाळा सुटली. पलीकडून बन्सीधरची लेक निकिता रोजच्यासारखी इकडंतिकडं न बघता निघाली. जिंतूरकडून ट्रक येत होता. बन्सीधरनं सोयाबीनचं पोतं रस्त्यात ओतलं. ट्रक मंदावला. “अहो, मोजणी बिघडली! पुन्हा यावं लागेल,” साहेब चिडले. बन्सीधरनं निकिताचं मनगट धरून तिला कडेला आणलं. “ऐतवारी या साहेब. शाळेला सुट्टी असती.” “आम्हालाही असते.”